फी भरणाऱ्या बापाची फी

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन निघालेल्या आज्यांचे फोटो जगभर पोहोचले. चाळिशीतल्या बापाने दप्तर उचललं तर कुणी फोटो काढत नाही. ‘आता कशाला?’ हा पहिला प्रश्न घरातूनच येतो. दुसराही ठरलेला असतो : ‘मग पोरांच्या फीचं काय?’

मोठ्या माणसांची शाळा महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात राहत्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली होती. पण आजची मदतीची व्यवस्था पाहिली, तर त्यात बाप बहुतेक वेळा पैसे भरणारा म्हणूनच भेटतो. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत दोन मुलांच्या ट्यूशन फीची वजावट मिळते. त्याच माणसाने स्वतःची फी भरली, तर ती त्यात धरली जात नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची शैक्षणिक मदत पाल्यांभोवती आणि काही अभ्यासक्रमांसाठी पत्नीभोवती फिरते. विटा-सिमेंट उचलणाऱ्या नोंदीत माणसाला स्वतः शिकायचं असेल, याचा विचार त्या यादीत फारसा दिसत नाही. बापाचं स्वतःचं शिक्षणही यात धरावं, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे करायला हवी. मात्र तोवर जी दारं उघडी आहेत, त्यांतून तरी माणसं आत गेली पाहिजेत.

पहिलं दार 17 नंबरच्या फॉर्मचं. राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देणाऱ्यांसाठीचा हा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि दहावीचं नोंदणी शुल्क साधारण हजार-अकराशे रुपये पडतं. घोडं अडतं ते पैशांपाशी कमी आणि कागदापाशी जास्त. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. गावची शाळा सोडून पंचवीस वर्षं झालेल्या माणसाकडे तो कुठून असणार? पत्र्याच्या पेटीत शोधाशोध होते, शाळेत फोन लावले जातात आणि शेवटी बेत बारगळतो. खरं तर मूळ प्रत नसेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालतं. एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे पुन्हा वर्ष जातं.

ज्याला सगळे विषय एका दमात झेपणार नाहीत, त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, अधिक सोयीची. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करून सोडवता येतात. पूर्वी दहावीत नापास झालेल्याला पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण पुढे नेता येतात. वयाची लाज वाटत असेल, तर हरियाणाचे माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला आठवावेत. दहावीचा राहिलेला इंग्रजीचा पेपर त्यांनी 2021 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, दिला. राजकारण बाजूला ठेवून एवढं तरी घेण्यासारखं आहे!

आयटीआयला कमाल वयाची अट नाही आणि काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. वर्षानुवर्षं वायरिंग किंवा प्लंबिंग करणाऱ्याच्या हातातल्या कसबाला कौशल्य विकास योजनेतून, पूर्वज्ञानाची चाचणी घेऊन, प्रमाणपत्र मिळू शकतं. बारावीनंतर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. 1989 साली ते स्थापन झालं तेच नियमित कॉलेज न परवडणाऱ्यांसाठी आणि पदवी मराठीतून घेता येते. उच्च शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलंच, तर त्याच जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. इथे मात्र स्वतःच्या शिक्षणासाठी काढलेलं कर्जही चालतं.

पुण्यात 2022 साली त्रेचाळीस वर्षांचे एक वडील मुलासोबत दहावीला बसले. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली होती. वडील पास झाले, मुलगा दोन विषयांत राहिला आणि ही गंमत बातमीत गाजली. कामावरून आल्यावर ते रोज अभ्यासाला बसत, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. बापाकडे पैशांइतकीच तंगी वेळेची असते. मुंबईतल्या रात्रशाळा साधारण साडेसहाला भरतात. शेठने सात वाजता सोडलं, तर पहिले तास गेलेच. शिवाय विद्यार्थी कामावरून थेट, उपाशी येतो. निकिता केतकर यांनी 2008 मध्ये सुरू केलेली ‘मासूम’ ही संस्था म्हणूनच रात्रशाळांमध्ये वह्या-पुस्तकांबरोबर खाऊही पुरवते.

म्हणून हे आवाहन बापांना कमी आणि त्यांच्या आजूबाजूच्यांना जास्त आहे.

दुकानदार, कारखानदार, ठेकेदार यांनी शिकणाऱ्या कामगाराला शाळेच्या दिवसांत सहाला सोडावं आणि परीक्षेच्या दिवसांची मजुरी कापू नये. गणेश मंडळांनी वर्गणीतून वर्षाला दोन-तीन वडिलांचं नोंदणी शुल्क भरावं; सजावटीतली एक माळ कमी लागली, तर बाप्पा रागावणार नाही. स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या अभ्यासिकांमध्ये रात्री नऊनंतर चार खुर्च्या या मंडळींसाठी राखाव्यात. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित आणि इंग्रजी घ्यावं, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. घरच्यांनी पहिले दोन महिने चेष्टा करू नये.

आणि ज्यांना ऑनलाइन अर्ज भरता येतो, त्यांनी सोसायटीचा वॉचमन, रिक्षावाले काका, घर रंगवायला आलेला कारागीर, यांपैकी एकाला या आठवड्यात विचारावं : शाळा कितवीत सुटली? दाखला आहे का? नसेल, तर त्याच्या जुन्या शाळेला द्वितीय प्रतीसाठीचा अर्ज त्याच्याबरोबर बसून लिहून द्यावा.