फ्रीज घरात आहे, पण शिळे ते शिळेच!

एकेकाळी फ्रीज दिवाणखान्यात ठेवीत. वर भरतकामाचा रुमाल, त्यावर फुलदाणी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल असा! १९५८ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला फ्रीज बाजारात आणला. पण त्यानंतरही कितीतरी वर्षे तो मोजक्याच घरांत दिसे. आता तालुक्याच्या गावीही तो स्वयंपाकघरात मुकाट्याने उभा असतो. मानाचा पाहुणा होता, तो घरचा गडी झाला. पण मैत्रिणींनो, हा गडी कोणते काम करतो आणि कोणते करत नाही, हे आपण नीट समजून घेतले आहे का? कारण घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते, "फ्रीजमध्ये ठेवलंय ना, मग काही होत नाही त्याला!"

होते. नक्की होते. फ्रीज अन्न ताजे करत नाही आणि त्यातले जंतूही मारत नाही. तो फक्त त्यांची वाढ मंदावतो. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतेत जंतू भराभर वाढतात. ५ अंशांच्या खाली त्यांचा वेग कमी होतो, आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर वाढ थांबते. पण थांबते म्हणजे ते मरतात असे नव्हे, हं! पदार्थ बाहेर काढून कोमट झाला की त्यांचा कारभार पुन्हा सुरू. लिस्टेरिया नावाचा एक जंतू तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, आणि गरोदरपणी तो फार घातक ठरू शकतो. तेव्हा घरी गरोदर सून किंवा बाळंतपणाला आलेली लेक असेल, तर तिच्या पानात फ्रीजमधले जुने काही वाढू नये. आदल्या दिवशीचे असेल तेही वाफा येईपर्यंत गरम करूनच द्यावे.

फोडणीचा भात

आपला सगळ्यांचा आवडता पदार्थ! पण त्यातच एक मेख आहे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते भात शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर तसाच राहिला की त्यांतून जंतू वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारे हे विष फोडणीच्या कढईतही नाश पावत नाही. दुपारी बाराला झालेला भात रात्री दहाला आवरासावर करताना फ्रीजमध्ये सारला, तर तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते. मग फ्रीज बिचारा काय करणार?

म्हणून उरलेला भात ताटात किंवा परातीत पसरावा, वाफ गेली की झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. आमटी, भाजी, उसळ यांनाही हाच नियम. शिजल्यापासून दोन तासांच्या आत पदार्थ फ्रीजमध्ये गेला पाहिजे. जळगाव-नागपूरकडच्या उन्हाळ्यात तर एका तासातच. "पण गरम ठेवू नये म्हणतात ना?" अगदी खरे. उकळते पातेले आत ठेवले की शेजारचे दूधही कोमट होते. त्यावर उपाय सोपा आहे. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेले ठेवावे आणि डावाने ढवळावे. खोल पातेल्यापेक्षा दोन पसरट डब्यांत काढले तर आणखी लवकर निवते.

आकड्याचा घोळ

आतल्या गोल बटणावरचे १, २, ३ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. ते फक्त थंडी कमी-जास्त करण्याचे टप्पे आहेत. बहुतेक साध्या फ्रीजमध्ये आकडा मोठा तितकी थंडी जास्त; तरी आपले माहितीपुस्तक पाहून खात्री करावी. खरी थंडी कळायला फ्रीजचा थर्मामीटर आणावा. मधल्या फळीवर पेलाभर पाण्यात तो रात्रभर ठेवून सकाळी वाचावा. ५ अंश किंवा त्याहून थोडे कमी असेल तर ठीक.

दार हा फ्रीजचा सर्वांत कमी थंड भाग. दूध तिथे ठेवू नये, आतल्या फळीवर ठेवावे. दारात लोणची, सॉस, पाण्याच्या बाटल्या बऱ्या. घरात कोणी इन्शुलिन घेत असेल, तर न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. ती फ्रीझरमध्ये किंवा फ्रीझरला खेटून कधीही ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन वितळले तरी वापरायचे नसते, ते टाकूनच द्यावे लागते.

कच्चे मासे-मटण खोलगट, घट्ट झाकणाच्या डब्यात सर्वांत खालच्या फळीवर ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी कोशिंबिरीवर गळणार नाही. कांदे-बटाटे बाहेरच टोपलीत बरे. फ्रीजमध्ये बटाटा गोडसर होतो आणि तळला की काळपट पडतो. लोण्यासाठी आठवडाभर साय साठवायची असेल, तर ते भांडे फ्रीझरमध्ये ठेवावे. आणि जाळीच्या फळ्यांवर ते फुलाफुलांचे प्लॅस्टिक अंथरू नका, बाई! गार हवा त्या जाळीतूनच खाली उतरते. वाटच बंद केली तर खालचे जिन्नस नासणारच.

वीज गेली तर

दार बंद ठेवले तर फ्रीजमधली थंडी साधारण चार तास टिकते. म्हणून वीज गेल्यावर "बघू तरी, अजून गार आहे का" म्हणून दार उघडू नये. चार तासांच्या पुढे गेले, तर शिजवलेले अन्न, दूध, मासे यांचा मोह सोडावा. वासावर जाऊ नका. आजारी पाडणाऱ्या कितीतरी जंतूंमुळे ना वास बदलतो, ना चव.

गावाला जाताना एक युक्ती करा. पेलाभर पाण्याचा फ्रीझरमध्ये बर्फ करावा, त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावे आणि पेला तिथेच राहू द्यावा. परत आल्यावर नाणे तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात वीज बराच वेळ नव्हती आणि सारे वितळून पुन्हा गोठले, असे समजावे.

वीज येते-जाते असे चालले असेल, तर फ्रीजचे बटण बंद करावे आणि ती स्थिरावल्यावर पाचेक मिनिटे थांबून लावावे. बंद पडलेला कॉम्प्रेसर लगेच चालू झाला तर आतल्या दाबामुळे त्याच्यावर ताण येतो.

सुरी लांब ठेवा

आता सर्वांत महत्त्वाचे. फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थर चढला की कोणी सुरीने खरवडते, कोणी उलथन्याने ठोकते. साध्या एकदारी फ्रीजमध्ये त्या पातळ पत्र्यातूनच गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात. एक टोक घुसले की गॅस बाहेर! पूर्वीच्या फ्रीजमध्ये असलेला सीएफसी गॅस पेट घेत नसे, पण तो पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला मारक. म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. आताच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आयसोब्युटेन म्हणजे आर-६००ए असतो. मागच्या लेबलावर तसे लिहिलेले सापडेल. हा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, म्हणजे पेटणारा. घरगुती फ्रीजमध्ये तो १५० ग्रॅमच्या आतच असतो, म्हणून एरवी भिण्याचे कारण नाही. पण सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास असतो, तसा याला नसतो. गळला तरी नाकाला कळत नाही.

तेव्हा बर्फ अर्धा सेंटीमीटर चढला की डीफ्रॉस्टचे बटण दाबावे, किंवा फ्रीज बंद करून, प्लग काढून, कोमट पाण्याचे भांडे आत ठेवावे. बर्फ आपोआप सुटतो. चुकून छिद्र पडून 'सूं' असा आवाज आलाच, तर खिडक्या-दारे उघडावी, शेगडी व देवघरातले निरांजन विझवावे, विजेच्या कोणत्याही बटणाला किंवा प्लगला हात न लावता मुलांना घेऊन बाहेर यावे. दुरुस्तीला माणूस येईल तेव्हा लेबलावरचा गॅस त्याला आधी दाखवावा. गॅस पूर्ण काढून टाकल्याशिवाय नळीला ज्योत लावू देऊ नये.

दाराच्या मुठीला हात लावल्यावर मुंग्या येतात का? "थोडा करंट मारतो, सवय झाली" असे म्हणून ते सोडून देऊ नका. अर्थिंग बिघडल्याची ती खूण आहे. फ्रीज बंद ठेवून वायरमनला बोलवावे. तीन पिनांचाच प्लग हवा, तिसरी पिन काढून टाकलेला नको. त्याच वेळी मीटरच्या पेटीत आरसीसीबी आहे की नाही, हेही विचारून घ्यावे. करंट झिरपू लागताच वीज तोडणारे हे छोटे यंत्र जीव वाचवते. ओल्या हाताने, अनवाणी पायाने फ्रीज उघडू नये, हे मुलांनाही सांगावे.

मागे वाकून पाहा

फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या वर, एक ट्रे असतो. आतले वितळलेले पाणी त्यात जमते. तुम्ही तो शेवटचा कधी पाहिला होता? डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. घरी तपासणीला येणारे आरोग्य कर्मचारी फ्रीजचा ट्रे पाहतात, ते उगीच नव्हे! दर आठवड्याला प्लग काढून तो रिकामा करावा आणि घासून कोरडा करावा.

दाराचे रबर कोमट साबणपाण्याने पुसावे. दारात दहा रुपयांची नोट धरून दार लावावे. नोट सहज ओढली गेली तर रबर ढिले झाले, असे समजावे. आतून पुसायला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा पुरे. सुवासिक साबणाचा वास दुधाला लागतो.

आणि एक आपल्याविषयी

हे सारे वाचून काही जणी म्हणतील, "वाटीभर भाजी टाकायची? अन्न म्हणजे पूर्णब्रह्म!" बरोबर आहे. पण ती तिसऱ्या दिवसाची वाटी घरात कोण खाते, ते आठवून पाहा. सासूबाईंना देत नाही, मुलांना देत नाही, ह्यांना तर नाहीच. सगळ्यांची पाने झाली की आपण उभ्याउभ्या ती संपवतो आणि म्हणतो, "वाया नको जायला." पोट बिघडते तेही आपलेच, आणि आजारपणातही स्वयंपाक सुटत नाही, तोही आपल्यालाच. जे मुलाच्या ताटात वाढायला आपला हात धजत नाही, ते आपल्याही ताटात नको. आपले पोट म्हणजे घरातली कचऱ्याची बादली नव्हे.

अन्न वाचवायचे तर ते शिजवताना वाचवावे. भात मोजून लावावा, डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहावी, नवे मागे आणि जुने पुढे ठेवावे. शनिवारी भाजी आणायला निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे काढून फ्रीज उघडावा. उरले-सुरले पाहावे, ट्रे रिकामा करावा, रबर पुसावे, आणि मगच भाजीची यादी करावी. बघा, दोन आठवड्यांतच भाजीची पिशवीही हलकी होईल.