ऐन वेळचा पराक्रम

मॅरेथॉनला आठ दिवस उरले की धावणाऱ्याच्या घरी येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "काय, तयारी जोरात चालली आहे ना?" या प्रश्नात आपल्या समाजाचे फार मोठे अज्ञान साठलेले आहे, असे म्हटले तर वाचकांनी रागावू नये. शेवटच्या आठ दिवसांत तयारी जोरात चालणे म्हणजे तयारी बिघडणे. या दिवसांत धावणाऱ्याला नव्याने काही मिळवता येत नाही. गमावता मात्र पुष्कळ येते. हे शरीरशास्त्राचे साधे सत्य आहे. ते आपल्या गळी उतरत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपण ऐन वेळच्या धावपळीलाच कर्तृत्व समजत आलो आहोत.

प्रथम शास्त्र पाहू. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. ते पार करण्याची ताकद चार-सहा महिन्यांच्या संथ, नियमित सरावातून येते. आज केलेल्या कष्टाचे फळ शरीर आज देत नाही. त्याला दीड-दोन आठवडे लागतात. म्हणून जाणते प्रशिक्षक शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत धावण्याचे अंतर टप्प्याटप्प्याने उतरवत आणतात आणि शेवटच्या आठवड्यात ते नेहमीच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली नेतात. वेगाची सवय मोडू नये म्हणून अधूनमधून थोडे वेगाने धावायचे, पण लांब धावायचे नाही. थकलेले स्नायू या काळात भरून येतात आणि त्यांत ग्लायकोजेनच्या रूपाने शिधा साठतो. १९६०च्या दशकात स्वीडनच्या संशोधकांनी मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे सुईने काढून हा साठा मोजला आणि विश्रांती व पिष्टमय आहार यांनी तो वाढतो हे दाखवून दिले. हा शिधा संपला की तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास भल्याभल्यांचे पाय जड होतात. शेवटच्या आठवड्यात जो फार धावला, त्याने आपली शिदोरी घरीच खाऊन टाकली असे समजावे.

आता आमच्या घरची कथा सांगतो. माझा भाचा सुरतेतच नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी त्याने मुंबईच्या जानेवारीतल्या पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव नोंदवले. पावसाळ्यात सराव बरा झाला. दिवाळीनंतर लग्नसराई आणि कचेरीची कामे यांत तो खंडित झाला. शर्यतीला बरोबर एक आठवडा उरला असता त्याच्या मनाने घेतले की, राहिलेले अंतर भरून काढले पाहिजे. रविवारी पहाटे तो डुमसच्या रस्त्याने निघाला आणि ३० किलोमीटर धावून परतला. संध्याकाळी घरी सर्वांनी त्याचे कौतुक केले. त्या कौतुकात मीही होतो. "शाब्बास, याला म्हणतात जिद्द," हे शब्द माझेच. मंगळवारी त्याची नडगी दुखू लागली. बुधवारी त्याने नवे बूट घेतले, कारण जुन्या बुटांचाच दोष असणार असे एका मित्राने सांगितले. गुरुवारी एका स्नेह्यांनी 'पोराला ताकद यावी' म्हणून जेवायला बोलावले आणि उंधियो, जिलबी, पोंक असा सुरती थाट मांडला. शुक्रवारी पहाटेच्या फ्लाइंग राणीने तो मुंबईला गेला. छातीवर लावायचा क्रमांक घेणे, नातेवाईकांकडे हजेरी लावणे, हौसेने बाजारात फिरणे यांत दोन दिवस उभ्याने गेले. शनिवारी रात्री झोप लागली नाही. रविवारी पहाटे वेदनाशामक गोळी घेऊन तो धावू लागला आणि माहीमच्या आसपास रस्त्याच्या कडेला बसला. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. तीन महिने काठी घेऊन चालावे लागले.

त्या आठवड्यात त्याला एकानेही "स्वस्थ बस" असे सांगितले नाही. उलट त्याची आई धास्तावून "आज धावायला नाही गेलास?" असे विचारी, तेव्हा त्याला अपराधी वाटे. "मामा, बसून राहिलो की चोरी केल्यासारखं वाटतं," असे तो मला म्हणाला होता. मी हसण्यावारी नेले. आज लिहायला बसलो आहे तो त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणूनच.

सरकारी सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाला या रोगाची ओळख नसावी हे आश्चर्यच. मार्चअखेर म्हणजे काय हे मी तीसहून अधिक वर्षे पाहिले. वर्षभर पडून राहिलेले अनुदान शेवटच्या आठवड्यात खर्ची पडे. रात्री अकरापर्यंत दिवे जळत, कोषागारात बिलांच्या चवडी लागत, आणि ३१ तारखेला जो कारकून सर्वांत उशिरापर्यंत बसला तो सर्वांत कर्तव्यदक्ष ठरे. ज्याने जूनपासून वेळेवर काम उरकले आणि ३१ मार्चला सहा वाजता घरी गेला, त्याच्याकडे साहेब संशयाने पाहत. त्या आठवड्यात बांधलेला रस्ता पहिल्या पावसात वाहून जाई हे सर्वांना ठाऊक असे. रस्त्याच्या बाबतीत निदान पुन्हा अंदाजपत्रक करता येते. हाडाचे तसे नाही.

हा दोष केवळ सरकारी आहे असे मानून कोणी समाधान करून घेऊ नये. तयारीविना मिळालेल्या यशाचे आपल्याला विलक्षण आकर्षण आहे. २०१३ साली बारामतीला साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या ३ किलोमीटरच्या शर्यतीत पहिल्या आल्या. पतीच्या आजारासाठी पैसा हवा होता म्हणून त्या धावल्या. त्या बाईंच्या धैर्यापुढे मान लवते. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण कशाला? 'बघा, बूट नाहीत, सराव नाही, तरी जिंकल्या,' याला. वृद्ध स्त्रीला नवऱ्याच्या तपासणीसाठी रस्त्यावर धावावे लागते ही लाजेची गोष्ट आपण अभिमानाची करून टाकली. आणि ३ किलोमीटरला सर्रास मॅरेथॉन म्हणू लागलो. शब्द स्वस्त झाला की त्यामागचे कष्टही स्वस्त होतात. मॅरेथॉन बैठक, मॅरेथॉन मुलाखत, मॅरेथॉन भाषण असे रोज वाचणाऱ्याला ४२ किलोमीटरसाठी सहा महिने लागतात हे खरे तरी कसे वाटावे?

ही आवड जुनी आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू पाठवण्याची खटपट त्यांनी केली. शंभर मीटर किती वेळात धावावे लागतात असे तेव्हा विचारले असता एका पदाधिकाऱ्याने मिनिटांचा अंदाज सांगितला, मग त्याला हा हिशेब सेकंदांचा असतो हे समजावून द्यावे लागले, असा किस्सा सांगितला जातो. त्या चमूतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षा अधिक, ४२.७५ किलोमीटर होते. विजेता फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन त्यांच्या १८ मिनिटे पुढे होता. चौगुल्यांचे सहकारी सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. परक्या हवेत, दूरच्या प्रवासानंतर १९वा क्रमांक मिळवणाऱ्या त्या धावपटूचे मोल मी कमी करीत नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, या माणसाला चार वर्षांची पद्धतशीर तयारी मिळाली असती तर? शंभर वर्षे आपण 'अनवाणी' या शब्दाचे कौतुक केले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, "विश्रांती, आहार, झोप ही पोट भरलेल्यांची चैन. गरिबाचे पोर कसले आठ दिवस स्वस्थ बसते?" अगदी खरे. पण या आक्षेपातून निष्कर्ष उलटा निघतो. विश्रांती ही सर्वांत महाग वस्तू आहे, म्हणून तिचाच भार समाजाने उचलायला हवा. बूट एकदा घेता येतात. रोजंदारी बुडवून पंधरा दिवस घरी बसणे गरिबाला परवडत नाही. सुरतेहून डांग फार दूर नाही. तिथल्या कुमारबंध गावच्या मुरली गावित याने २०१९ साली दोहा येथील आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळवले. कराडीआंबा गावची सरिता गायकवाड २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत ४ बाय ४०० मीटर रिलेच्या सुवर्णविजेत्या चमूत होती. ही नावे झाल्यावर सत्कारांना तोटा नसतो. शाल आणि श्रीफळ जिंकल्यानंतर मिळते. पण अशा एखाद्या मुलाला शर्यतीआधीचे तीन आठवडे शेतात किंवा उसाच्या तोडणीवर जावे लागू नये, याची व्यवस्था आपल्यापैकी कोणी केली आहे काय?

अखेरच्या टप्प्यातली हेळसांड केवळ गरिबाला भोवते असेही नाही. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ओ. पी. जैशा मॅरेथॉन पुरी करून कोसळली. मार्गावरच्या भारतीय ठाण्यांवर आपल्याला पाणी देणारे कोणी नव्हते, असे तिने म्हटले. महासंघाने तिचे म्हणणे नाकारले. तिच्या नेहमीच्या पेयाची मागणीच झाली नव्हती, असा त्यांचा खुलासा होता. खरे कोणाचे याचा निवाडा मी करणार नाही. पण कोणत्या ठाण्यावर काय प्यायचे, हा प्रश्न शर्यतीनंतर वादासाठी उरतो, याचाच अर्थ शर्यतीपूर्वी तो कागदावर सुटला नव्हता. शेवटच्या दिवसांचे खरे काम हेच असते: याद्या करणे, तपासणे आणि झोपणे.

आपल्या शहरालाही आता धावण्याची हौस लागली आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. २५ फेब्रुवारी २०१८ रोजी 'रन फॉर न्यू इंडिया' या सुरतेतल्या मॅरेथॉनला पंतप्रधानांनी झेंडा दाखवला. अशा प्रसंगी सर्व वयांचे, सर्व थरांचे लोक रस्त्यावर येतात. आपल्या मराठी कुटुंबांतली नातवंडेही त्यांत असतात. म्हणून आजी-आजोबांना चार गोष्टी हात जोडून सांगतो. शेवटच्या आठवड्यात पोर घरी बसले तर त्याला आळशी म्हणू नका. त्याला नवे बूट, नवे औषध, नवे पक्वान्न देऊ नका. भात, पोळी, बटाटा हे त्याच्या अंगवळणी पडलेले अन्न शेवटचे दोन-तीन दिवस थोडे अधिक आणि तेल-तूप थोडे कमी द्या. 'सुरतेचे जेवण' शर्यतीनंतर द्या. पाणी पी, पाणी पी, असा धोशाही लावू नका. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या तपासणीत १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीच्या खाली घसरलेले आढळले, आणि त्याचे मोठे कारण गरजेहून अधिक पेयपान हे होते. तहानेला विचारून प्यावे. दुखणे दडवणारी गोळी घेऊन धावू देऊ नका. ती दुखणे झाकते आणि घामाने थकलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकते. ताप असेल, छातीत दुखत असेल, हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल, तर नाव मागे घ्यायला सांगा. पुढच्या वर्षी शर्यत असतेच.

नाव मागे घेणाऱ्याचा सत्कार आपण कधी करत नाही. मला वाटते तो करायला हवा. सहा महिने सराव करून, पैसे भरून, शेवटच्या दिवशी दुखरा पाय पाहून घरी परतणे याला जो संयम लागतो, तो पहाटे गोळी घेऊन निघण्याच्या धाडसापेक्षा मोठा आहे. आपल्याकडे धाडसाचे पोवाडे आहेत, संयमाचे नाहीत. त्यामुळे तरुणांना एकच वाट दिसते.

शेवटी आपल्या मंडळींना एक सूचना. दरवर्षी गुणवंतांच्या गौरवासाठी आपण वर्गणी काढतो. शाली येतात, फोटो निघतात, भाषणे लांबतात. त्या रकमेचा अर्धा भाग बाजूला काढून जिल्ह्यातल्या किंवा डांगमधल्या एका होतकरू धावपटूला शर्यतीपूर्वीचे तीन आठवडे द्यावेत: घरची बुडणारी मजुरी, पोटभर अन्न, एकदा डॉक्टरची तपासणी आणि शर्यतीच्या गावी दोन रात्री शांत झोपायची जागा. तो जिंकेल याची हमी नाही. बहुधा आपल्या नावाचा फलकही कुठे लागणार नाही. भाचा पुन्हा धावू लागला आहे, आणि येत्या खेपेस शर्यतीच्या आदल्या रविवारी मी त्याच्या घरी जाऊन बसणार आहे, पत्त्यांचा डाव मांडून, तो बाहेर पडू नये म्हणून. ज्यांना हे पटेल त्यांनी पुढच्या सभेपूर्वी वर्गणी द्यावी. सभेच्या दिवशी ऐन वेळी नको.