लिफ्टच्या दाखल्यामागची सही

पश्चिम रेल्वेची उपनगरी गाडी विरारला येऊन रिकामी होते आणि दिवसभराच्या कामाने शिणलेला नोकरदार पूर्वेला किंवा पश्चिमेला पांगतो. त्याचा प्रवास रिक्षातून उतरताच संपला, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक त्याचा शेवटचा टप्पा अजून उरलेला असतो, आणि तो इमारतीच्या लिफ्टमध्ये पार पडतो. रेल्वेच्या प्रवासाची सुरक्षितता पाहण्यासाठी या देशात रेल्वे सुरक्षा आयुक्त हे पद आहे आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत मुद्दाम ठेवलेले आहे. जो गाडी चालवतो त्यानेच गाडी सुरक्षित असल्याचा निर्वाळा देऊ नये, हे त्यामागचे सरळ तत्त्व. मग सहाव्या, बाराव्या किंवा विसाव्या मजल्यापर्यंतच्या त्या उरलेल्या प्रवासाचा निर्वाळा कोण देतो, हा प्रश्न विरारसारख्या शहराने आता गांभीर्याने विचारला पाहिजे.

आतापर्यंत तो विचारण्याचे फारसे कारण नव्हते. तळमजला अधिक चार मजले ही एकेकाळी या पट्ट्यातील इमारतींची ठरलेली उंची, आणि जिना चढणे हा त्या घरांच्या किमतीचाच एक न लिहिलेला भाग. 1990 मध्ये वसई-विरारचे नियोजन सिडकोकडे गेले, 2009 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे 12 लाख भरली. जमिनीचा भाव वाढला की इमारत उभी वाढते, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक पाठ; पण उभ्या वाढीसाठी लागणारे खरे यंत्र सिमेंट-पोलाद नसून लिफ्ट आहे, हे त्या पाठात क्वचितच सांगितले जाते. दहाव्या मजल्यावरचे घर लिफ्टवाचून विकलेच जाणार नाही. म्हणजे त्या घराच्या किमतीतला मोठा वाटा, आणि त्यासाठी काढलेल्या वीस वर्षांच्या कर्जाचाही, एका यंत्रावरच्या विश्वासाने तोलून धरलेला आहे.

हा विश्वास माणसाने सहजासहजी ठेवला नव्हता. एलिशा ओटिस याने 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंचावर स्वतः उभे राहून वरचा दोर तोडवला आणि पाळणा जागच्या जागी अडकून राहिलेला लोकांना दाखवला, तेव्हा कुठे प्रवासी लिफ्टचा मार्ग मोकळा झाला. आजही लिफ्ट म्हटले की सामान्य माणसाच्या मनात दोर तुटण्याचीच भीती असते. ती बरीचशी अनाठायी आहे. दोर एकाहून अधिक असतात, भाराच्या कित्येक पट ताण सोसतील असे असतात, आणि वेग मर्यादेबाहेर गेलाच तर गव्हर्नर नावाचा भाग खालची पकड रुळांवर आवळतो. धोका बहुधा दुसरीकडे असतो. मजल्यावरचे दार पाळणा समोर नसतानाही उघडते. दाराच्या कुलुपाची खूण बिघडलेली असल्याने लिफ्ट दार उघडे असतानाच हलते. ब्रेकचे अस्तर झिजलेले असते. लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला बांधलेले वजन हे रिकामा पाळणा आणि सुमारे निम्मा भार यांच्या बरोबरीचे असते. त्यामुळे ब्रेक निकामी झाला, तर रिकामी किंवा एकट्या माणसाची लिफ्ट खाली न कोसळता वर धावते. ही गोष्ट लिफ्टने रोज ये-जा करणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसेल, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. ती ठाऊक असणारा एक माणूस मात्र नेमलेला हवा.

तो माणूस म्हणजे लिफ्ट निरीक्षक. त्याचे काम वरवर पाहता नीरस आहे. माथ्यावरच्या यंत्राच्या खोलीत चढायचे, पाळण्याच्या टपावर उभे राहून दोरांचे तुटलेले तंतू मोजायचे, तळाच्या खड्ड्यात उतरून साचलेले पाणी आणि बफर पाहायचे (आणि विरारच्या पावसाळ्यात ते पाणी किती असते हे सांगायला नको), प्रत्येक मजल्याचे दार ओढून पाहायचे, वीज गेल्यावर सुटकेची यंत्रणा चालते की नाही हे ती प्रत्यक्ष तोडून पाहायचे. आत लावलेल्या पाटीवर 6 माणसे, 408 किलो असे लिहिलेले असते, म्हणजे माणशी 68 किलो धरलेले असतात. त्या आकड्यापलीकडे भार गेला की लिफ्ट खरोखरच हटून बसते का, हेही त्यानेच पाहायचे. हे सारे नीट करायचे तर एका लिफ्टला दोन तास सहज लागतील. आता साधे त्रैराशिक मांडावे. असा निरीक्षक जाण्या-येण्याचा वेळ धरून दिवसाला तीन लिफ्ट पाहू शकेल. वर्षाचे प्रत्यक्ष कामाचे दिवस दोनशे धरले, तर सहाशे. याहून अधिक लिफ्ट एका माणसाच्या वाट्याला आल्या, तर दोनच गोष्टी संभवतात. काही लिफ्ट पाहिल्या जाणार नाहीत, किंवा सगळ्याच न पाहता पाहिल्या जातील. यांतली दुसरी गोष्ट अधिक घातक. कारण न पाहिलेल्या लिफ्टला निदान दाखला तरी नसतो.

कायद्याची वाण नाही. मुंबई इलाख्यात लिफ्टचा कायदा 1939 मध्येच झाला. लिफ्ट बसवण्यापूर्वी परवानगी, चालवण्यापूर्वी परवाना आणि अपघात झाल्यास त्याची खबर, ही त्याची चौकट होती. पुढे 2017 च्या अधिनियमाने सरकते जिने आणि सरकते पथ यांनाही त्यात घेतले आणि त्रयस्थांच्या विम्याची तरतूद आणली. हे काम राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडे आहे. कलमे चांगली आहेत. परंतु कलम आणि दोर यांच्यामध्ये जो माणूस उभा असतो, त्याची संख्या, त्याचे प्रशिक्षण आणि त्याचे स्वातंत्र्य यांचा विचार इमारतींच्या उंचीच्या गतीने झालेला दिसत नाही.

यावर एक उत्तर नेहमी तयार असते: सरकारी निरीक्षक अपुरे आहेत ना, मग खाजगी प्रमाणित निरीक्षक नेमा. हे उत्तर उडवून लावण्याजोगे नाही. ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमावलीनुसार माणसांची ने-आण करणाऱ्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी करावी लागते, आणि ती पुष्कळदा विमा कंपन्यांचे अभियंतेच करतात. आपल्याकडेही विद्युत क्षेत्रात चार्टर्ड विद्युत सुरक्षा अभियंता ही व्यवस्था आलेली आहे. प्रश्न खाजगी की सरकारी हा नाहीच. निरीक्षकाला नेमतो कोण आणि पैसे देतो कोण, हा आहे. विमा कंपनीचा अभियंता कडक असतो, कारण दुर्घटना झाली तर भरपाई त्याच्या मालकाच्या खिशातून जाते. उलट जो बिल्डर किंवा जी देखभाल कंपनी निरीक्षकाला निवडते आणि त्याचे बिल चुकते करते, तिच्या यंत्रात दोष काढणारा निरीक्षक पुढच्या वर्षी पुन्हा बोलावला जाईल, ही आशा भाबडी आहे.

हा केवळ तर्क नव्हे. शेजारच्या गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषणाची तपासणी करणारे लेखापरीक्षक असेच कारखानदारांनी निवडलेले आणि त्यांनीच पैसे दिलेले असत. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथे एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. काही कारखान्यांपुरते परीक्षक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे नेमून दिले, त्यांचा मोबदला एका सामायिक निधीतून दिला आणि त्यांनी केलेल्या मोजमापांपैकी काहींची फेरतपासणी केली. परीक्षक खरे आकडे लिहू लागले आणि कारखान्यांचे प्रदूषणही घटले. माणसे तीच होती, उपकरणेही तीच. बदलली होती ती नेमणुकीची, मोबदल्याची आणि फेरतपासणीची पद्धत. लिफ्टच्या बाबतीत हीच रीत का लागू करू नये? प्रत्येक लिफ्टमागे ठरावीक शुल्क राज्याच्या निधीत भरावे, प्रमाणित निरीक्षक यादीतून क्रमाने नव्हे तर सोडतीने नेमावा, एकाच इमारतीत तोच माणूस लागोपाठ जाऊ नये आणि सरकारी निरीक्षकांनी वेचक फेरतपासणी तेवढी करावी. संख्येने थोड्या सरकारी निरीक्षकांना हे काम झेपण्यासारखे आहे.

'इन्स्पेक्टर राज'ची आठवण करून देणारे येथे सरसावतील, आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. सही विकली जाते हे जगजाहीर आहे. परंतु सही विकली जाते म्हणून सहीच नको, हा निष्कर्ष विचित्र आहे. ग्राहकाला ज्या मालाचा दर्जा पारखता येत नाही, त्याच्या बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखवून दिले. त्यांनी उदाहरण घेतले होते जुन्या मोटारींचे. मोटार निदान चालवल्यावर कळते. लिफ्ट तर रोज वापरूनही कळत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत देखभालीच्या तीन निविदा येतात, सगळ्यांत स्वस्त ती मंजूर होते आणि टाळ्याही पडतात. यात सभासदांचा दोष नाही. स्वस्त आणि महाग यांतला फरक दाखवणारा कागदच त्यांच्यापुढे नसतो. तो कागद निरीक्षकाच्या अहवालातूनच येऊ शकतो.

याहून बिकट प्रश्न अशा इमारतींचा, ज्यांच्यापर्यंत निरीक्षक पोहोचूच शकत नाही. 2025 च्या आरंभी नालासोपारा पूर्वेकडील 41 अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पाडण्यात आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेच्या विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग कोसळून 17 माणसे गेली. तीही इमारत अनधिकृतच होती. जिच्या बांधकामालाच मंजुरी नाही, तिच्या लिफ्टच्या परवान्यासाठी अर्ज कोण करणार, आणि केला तरी कोणत्या कागदांच्या आधारे? अशा इमारतीत लिफ्ट असेल, तर ती कोणत्याही नोंदवहीत नसते. तेथे राहणाऱ्याने पैसे मात्र खरेच मोजलेले असतात. महानगरपालिकेने मालमत्ता कराची आकारणी करताना इमारतीत लिफ्ट आहे की नाही एवढी एक नोंद घेतली आणि ती यादी विद्युत निरीक्षकांकडे पाठवली, तरी परवाना नसलेल्या लिफ्ट किती हे एका वर्षात कळेल. इमारत अधिकृत ठरो वा न ठरो, तिच्यात माणसे चढ-उतार करत आहेत तोवर दोर आणि दाराची कुलपे तपासली गेली पाहिजेत. तपासणी म्हणजे बांधकामाला मान्यता नव्हे, एवढे एक वाक्य दाखल्यावर छापले की पेच सुटतो.

राहता राहिला तो दाखला. तो बहुतेक इमारतींत सचिवाच्या कपाटातील फायलीत असतो. पाळण्याच्या आत शिकवणी वर्गाची जाहिरात, देखभाल शुल्काच्या थकबाकीदारांची यादी आणि लिफ्टमध्ये थुंकू नये ही सूचना यांना जागा मिळते. तेथेच डोळ्यांच्या उंचीवर, ठळक मराठीत चार ओळी लावणे सक्तीचे करावे: तपासणी कोणत्या तारखेला झाली, कोणी केली, पुढची केव्हा, आणि तक्रार कोणत्या क्रमांकावर करावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक सोसायटीला येत्या सभेत तसा ठराव करता येईल.