टक्का लिहिणारा एक, भोगणारा दुसरा



पंचनाम्याचा टक्का आपल्या चांगला ओळखीचा आहे. 2015 पासून नियम असा की नुकसान 33 टक्के लिहिले तर मदत, 32 लिहिले तर काही नाही. पऱ्हाटी दोन्हीकडे सारखीच करपलेली! म्हणून आपण तो कागद मुकाट्याने मानत नाही. नक्कल मागतो, हरकत घेतो, तहसीलवर जाऊन बसतो.

पण आपल्याच घरचा पोरगा फौजेतून गुडघा किंवा कान अधू करून घेऊन परततो, तेव्हा मेडिकल बोर्डाचा कागद आपण पेटीत ठेवून देतो. साहेबांनी लिहिले ते खरे! पाठीवर फवारणीचा पंप घेऊन सरीतून चालायचे मात्र त्याच गुडघ्याने.

बोर्ड दोन गोष्टी लिहिते : अपंगत्व किती टक्के, आणि ते नोकरीमुळे आले किंवा वाढले की नाही. टक्का 20 च्या आत लिहिला, किंवा 'नोकरीशी संबंध नाही' असा शेरा मारला, की अपंगत्वाची पेन्शन नाकारली जाते.

हिशेब करून पाहा. पूर्ण 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम धरतात. पगार 40 हजार असेल तर 20 टक्क्यांचे महिना 2,400 रुपये होतात. 20 ते 49 टक्क्यांचे 50 धरण्याचा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली राम अवतार खटल्यात सांगितले. म्हणजे 6,000 रुपये. आणि 19 टक्के लिहिले तर शून्य! 21 सप्टेंबर 2023 पासून नियम बदलले आहेत. त्यानंतर सुटलेल्यांनी आपला हिशेब जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नव्याने मांडून घ्यावा.

शिपाई धर्मवीर सिंग यांना फिट येत. बोर्डाने आजार जन्मजात प्रकृतीचा ठरवला. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने विचारले, भरती करताना तसे लिहिले होते काय? लिहिले नसेल तर माणूस धडधाकट आला असेच धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर, आणि शंकेचा फायदा जवानाला. त्यांना पेन्शन मिळाली.

करायचे काय? बोर्डाच्या संपूर्ण कागदपत्रांची नक्कल लेखी मागा. नामंजुरीपासून 6 महिन्यांच्या आत रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिले अपील करा. ते फेटाळले तर 6 महिन्यांत दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा.

मुदत टळली म्हणून हातपाय गाळू नका. तरसेम सिंग 1983 साली फौजेतून सुटले आणि 1999 साली कोर्टात गेले. 2008 च्या निकालाने त्यांची पेन्शन राहिली, थकबाकी मात्र अर्जाआधीच्या 3 वर्षांचीच मिळाली. उशिराने हक्क मरत नाही, पैसा मरतो.

आमचे म्हणणे एवढेच : जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक तालुका बैठकीत कापसाच्या भावाबरोबर हाही विषय घ्या. गावात असा माजी सैनिक असेल तर त्याची पेटी उघडायला लावा, कागद वाचा, अर्ज लिहून द्या. जी संघटना पंचनाम्याचा टक्का मुकाट्याने मानत नाही, तिने शरीराचा टक्का तरी का मानावा? आपण भीक मागत नाही. घामाचे दाम मागतो, तसेच रक्ताचेही मागू.