कोनशिलेवर नसलेलं नाव

परवा गावात एका नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. रिवाजाप्रमाणे मी बातमी केली. कोनशिलेवर अकरा नावं होती, बातमीतही तीच अकरा, पदांसकट, क्रम न चुकवता. (क्रम चुकला की सकाळी फोन येतो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे.) संध्याकाळी एका वाचकाने सहज विचारलं, "अहो, इमारत छान हवेशीर झालीय, डिझाइन कुणाचं?" मला सांगता आलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून ज्युलियन एबल हा माणूस डोक्यातून जात नाहीये. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, त्याच्या देशातही फार लोकांनी ऐकलं नव्हतं.

एबल 1881 साली अमेरिकेत फिलाडेल्फियात जन्मला. कृष्णवर्णीय. 1902 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आर्किटेक्चर विभागातून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. वर्गात इतका हुशार, की शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या आर्किटेक्चर सोसायटीचा अध्यक्ष झाला. 1906 मध्ये तो होरेस ट्रंबावर नावाच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात लागला आणि 1909 मध्ये तिथला मुख्य डिझायनर झाला. वय अठ्ठावीस.

या ऑफिसातून पुढे काय काय बाहेर पडलं बघा. हार्वर्ड विद्यापीठाची वाइडनर लायब्ररी. टायटॅनिक बुडाली तेव्हा त्यात हॅरी वाइडनर हा पुस्तकवेडा तरुण गेला, त्याच्या आईने मुलाच्या आठवणीसाठी ती बांधली, 1915 साली उघडली. फिलाडेल्फियाची मोठी सार्वजनिक लायब्ररी, 1927. फिलाडेल्फियाचं कलासंग्रहालय, 1928. ज्याच्या पायऱ्यांवर 'रॉकी' सिनेमातला बॉक्सर धावत चढतो आणि हात वर करतो, तेच हे. संग्रहालयाच्या कामात इतर आर्किटेक्टही होते, सगळं श्रेय एकट्या एबलला देणं चुकीचं ठरेल. पण त्यात त्याचा मोठा हात होता आणि पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्या लाखो लोकांना त्याचा पत्ता नव्हता.

सगळ्यात मोठं काम ड्यूक विद्यापीठाचं. तंबाखूच्या धंद्यात गडगंज झालेल्या जेम्स ड्यूकने 1924 साली चार कोटी डॉलर्सचा निधी उभा केला. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम गावच्या कॉलेजचं त्यातून विद्यापीठ झालं. काम ट्रंबावरच्या फर्मकडे गेलं, म्हणजे कागदावर एबलच्या टेबलावर. दगडी इमारती, चौक, कमानी, आणि मधोमध 210 फूट उंच मनोऱ्याचं चर्च. 1930 मध्ये त्याची कोनशिला बसली आणि 1935 मध्ये ते समर्पित झालं.

आणि त्या डरहॅममध्ये तेव्हा काय चाललं होतं? दक्षिणेतल्या राज्यांत वर्णभेद कायद्याने होता. बसमध्ये बसायची जागा वेगळी, हॉटेलं वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. ज्या विद्यापीठाची वीट न् वीट एबलने कागदावर रचली, तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. तो दरवाजा उघडला 1961 मध्ये, आणि पदवीच्या वर्गांसाठी 1963 मध्ये. देऊळ बांधायला चालणारे हात आत चालत नाहीत, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता कुणी म्हणेल, यात ट्रंबावरचं काय चुकलं? प्रश्न रास्त आहे. उलट या माणसाचं कौतुकच करायला हवं. स्वतः लहानपणी दुसऱ्याच्या ऑफिसात उमेदवारी करून वर आलेला, औपचारिक शिक्षण फारसं नाही. ज्या काळात कृष्णवर्णीय आर्किटेक्टला कुणी दारात उभं करत नव्हतं, त्या काळात त्याने एबलला नोकरी दिली, आणि सगळ्यांच्या वर बसवलं. नकाशावर फर्मचं नाव टाकायचं हा त्या धंद्याचा नियमच होता. गोऱ्या डिझायनरचं नावही तसंच झाकलं जायचं.

माझं म्हणणं नेमकं इथे आहे. नियम सगळ्यांना सारखा होता, पण किंमत सारखी नव्हती. गोरा सहकारी चार-पाच वर्षं काम शिकून बाहेर पडू शकत होता, स्वतःच्या नावाची पाटी लावू शकत होता. एबलने पाटी लावली असती तर त्या काळातला कुठला धनाढ्य आपला महाल त्याच्याकडून बांधून घेणार होता? अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेचं सभासदत्वसुद्धा त्याला 1942 साली मिळालं, वयाच्या एकसष्टीत. 1938 मध्ये ट्रंबावर वारला, तरी एबलने आणि त्याच्या सहकाऱ्याने फर्म मालकाच्याच नावाने चालवली. 1950 मध्ये एबल गेला.

मग नाव बाहेर आलं कसं? कुठल्या समितीने संशोधन केलं म्हणून नाही. 1986 साली ड्यूकच्या विद्यार्थ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन करताना चर्चसमोर झोपड्या उभारल्या. एका विद्यार्थ्याने तक्रार केली की या झोपड्यांनी आपला सुंदर परिसर विद्रूप केलाय. त्याला उत्तर दिलं एबलच्याच घराण्यातल्या एका विद्यार्थिनीने, विद्यापीठाच्या पेपरात पत्र लिहून. हा सुंदर परिसर ज्याने आखला तो माझ्या पणजोबांचा भाऊ, तो स्वतः याच देशातल्या वर्णभेदाचा बळी होता, आणि या आंदोलनाला त्याने पाठिंबाच दिला असता, असा तिच्या पत्राचा आशय होता.

त्या एका पत्राने विद्यापीठाला जाग आली. पुढे एबलचं तैलचित्र लागलं. 2016 मध्ये विद्यापीठाच्या मुख्य चौकाला त्याचं नाव मिळालं. मरणानंतर सहासष्ट वर्षांनी.

इतक्या उशिरा नाव देऊन काय साधलं, असं विचारणारेही आहेत. एबलला त्याचं काही नाही, हे खरंच. पण नाव ही नुसती शोभेची गोष्ट नसते, तो पुरावा असतो. "या लोकांना जमत नाही" असं जेव्हा कुणी बिनदिक्कत म्हणतं, तेव्हा समोर ठेवायला तो लागतो. पन्नासेक वर्षं डरहॅमच्या लोकांसमोर 210 फूट उंच पुरावा उभा होता, आणि तो कुणाला वाचता आला नाही, कारण खाली नाव नव्हतं. त्याच्या घरच्यांना माहीत होतं म्हणून निदान तो सापडला. घरच्यांनाही माहीत नसतं तर?

हे लिहिताना मी स्वतःला बाहेर ठेवत नाहीये. पंधरा-वीस वर्षांत किती उद्घाटनांच्या बातम्या केल्या असतील! पूल, शाळा, बसस्टँड, पाण्याच्या टाक्या. एकाही बातमीत आराखडा करणाऱ्या इंजिनिअरचं नाव नाही, गवंड्याचं तर सोडाच. कुणी लपवायला सांगितलं नव्हतं. पत्रिकेवर नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही, इतकंच. ट्रंबावरच्या ऑफिसातही बहुतेक असंच चाललं असेल, कुणाचा वाईट हेतू नसताना.

काल मी त्या इमारतीवर परत गेलो. चौकशी केली. डिझाइन एका तरुण मुलीचं निघालं, शेजारच्या तालुक्यातली, पहिलंच सरकारी काम. उद्घाटनाला ती मागच्या रांगेत बसली होती म्हणे. तिची परवानगी घेऊन तिच्यावर स्वतंत्र बातमी करतोय, या आठवड्यात येईल.

तुमच्या गावातली एखादी जुनी शाळा, वाडा, पूल कुणी बांधला हे घरातल्या म्हाताऱ्यांना माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये नाव लिहा. मिस्त्रीचं असलं तरी लिहा. मी वही काढून बसलोय.