अंगठीचा हिरा आणि मुठीचे बल

कोलकात्याच्या नैर्ऋत्य भागात, १८९२ साली खुल्या झालेल्या गोदीच्या आश्रयाने वाढलेली खिदिरपूर ही वस्ती भारतीय मुष्टियुद्धाच्या इतिहासात एका विशेष कारणासाठी उल्लेखनीय ठरली आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून येथील खिदिरपूर स्कूल ऑफ फिजिकल कल्चर या संस्थेत मुली मुष्टियुद्धाचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांतील पुष्कळशा आसपासच्या गल्ल्यांतील, बेताच्या मिळकतीच्या मुसलमान कुटुंबांतील होत. याच परिसरातून पुढे आलेल्या रझिया शबनम यांची गणना देशातील पहिल्या महिला मुष्टियुद्ध-प्रशिक्षकांत व पंचांत होते.

अशा कोणत्याही शाळेत हातमोजे चढविण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या व कानांतले उतरवून ठेवावे लागतात. रस्त्यावर मात्र मुलींना नेमका उलट सल्ला मिळतो. 'प्रसंग ओढवला तर बोटातील अंगठी पुढे करून मार, किल्ल्या बोटांच्या फटीत धर' असे वडीलधारी मंडळीही कळकळीने सांगतात. वाङ्‌निश्चयाच्या अंगठीत हिरा असेल तर विश्वास अधिकच बळावतो, कारण हिऱ्याहून कठीण पदार्थ निसर्गात नाही असे आपण शाळेत शिकलेलो असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते शाळेतील नियम योग्य आहे आणि रस्त्यावरील सल्ला घातक आहे. त्याचे कारण नीतीत शोधण्याची गरज नाही, ते पदार्थविज्ञानात आहे.

प्रथम हिऱ्याचा विचार करू. मोस याने १८१२ मध्ये खनिजांच्या काठिन्याची जी श्रेणी लावली तीत हिऱ्यास दहावे, म्हणजे सर्वोच्च स्थान आहे. परंतु या श्रेणीतील काठिन्य म्हणजे ओरखडा न उमटण्याचा गुण होय. आघात सोसण्याचा गुण निराळा, त्यास चिवटपणा म्हणतात. लोखंडाच्या खिळ्याने हिऱ्यावर ओरखडा काढता येणार नाही, तथापि हातोडीचा एक नेमका घाव त्याचे तुकडे करू शकतो. हिऱ्याच्या स्फटिकात कार्बनच्या अणूंचे थर चार दिशांनी असे रचलेले असतात की त्या प्रतलांवर तो सहज दुभंगतो. सन १९०५ मध्ये सापडलेला ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ साली ॲमस्टरडॅममध्ये याच गुणाचा उपयोग करून पात्याच्या घावाने फोडण्यात आला. ऐरणीवर घण सोसेल तोच अस्सल, हा दृष्टांत आपल्याकडे तुकोबांच्या अभंगामुळे घरोघरी पोहोचला आहे. दृष्टांत म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. परंतु घरातील हिऱ्याची परीक्षा कोणी त्या मार्गाने करू नये.

आता ठोशाकडे वळू. सन २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑलिम्पिक दर्जाच्या मुष्टियोद्ध्यांचे सरळ ठोसे मोजण्यात आले. मुठीचा वेग सरासरी सेकंदाला ९ मीटर, ठोशाचे बल सुमारे ३,४०० न्यूटन, आणि ठोशामागे प्रत्यक्ष कार्य करणारे वस्तुमान २.९ किलोग्रॅम आढळले. या २.९ किलोग्रॅमपुढे अंगठी काय भर घालणार? एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. सोन्यासह अंगठी ४ ग्रॅमची धरली तरी वाढ हजारात दीड भागही होत नाही. अंगठीने ठोशाचे बल वाढते ही समजूत एवढ्या एका हिशेबाने निकालात निघते.

मग अंगठीचा घाव अधिक लागतो, हा अनुभव खोटा काय? खोटा नव्हे. तेथे वाढतो तो दाब, बल नव्हे. मुठीच्या पुढच्या भागाचे ६ चौरस सेंटिमीटर क्षेत्र टेकले आणि बल २,००० न्यूटन असले, तर दाब चौरस मिलिमीटरला सुमारे ३.३ न्यूटन पडतो. अंगठीच्या कोंदणाचे ४ चौरस मिलिमीटरचे टोक यातील केवळ दहावा हिस्सा पेलू लागले, तरी तेथे दाब ५० न्यूटन, म्हणजे पंधरापट होतो. त्याने कातडी फाटेल, रक्त येईल. परंतु समोरचा मनुष्य मागे हटेलच असे नाही. शिवाय क्रियेइतकीच प्रतिक्रिया असते. तेवढेच बल अंगठीच्या मागच्या बाजूने मारणारीच्या बोटाच्या हाडावर येते. बोट सुजले की अंगठी निघत नाही, रक्तप्रवाह अडतो आणि ती कापून काढण्याची पाळी येते. अंगठी कशात तरी अडकून हात ओढला गेला, तर बोटाची त्वचा सोलून निघण्याचे प्रकार शल्यवैद्यांस चांगले परिचित आहेत.

बल खरोखर कोठून येते, हे अधिक उद्‌बोधक आहे. सोव्हिएत संशोधकांनी १२० मुष्टियोद्ध्यांच्या सरळ ठोशांचे पृथक्करण करून १९८५ मध्ये निष्कर्ष मांडले. निष्णात खेळाडूच्या ठोशात पायाच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या वळणाचा ३७ टक्के आणि बाहूचा अवघा २४ टक्के होता. नवख्याच्या ठोशात पायाचा वाटा १७ टक्क्यांच्याही आत होता आणि बाहूचा ३८ टक्के. म्हणजे नवखा हाताने मारतो, जाणता जमिनीपासून मारतो. ब्रिटनमधील एका अभ्यासात (२०००) निष्णातांच्या मागच्या हाताच्या ठोशाचे बल सरासरी ४,८०० न्यूटन, तर नवख्यांचे सुमारे २,४०० भरले. शिक्षणाने बल दुप्पट होते. अंगठीने ते हजारात दीड भागही वाढत नाही. हे आकडे पुरुषांच्या मोजमापांतून आलेले आहेत, मात्र त्यांमागील यंत्रशास्त्र स्त्रीपुरुष भेद जाणत नाही.

ठोशाठोशांतही फरक आहे. पुढच्या हाताचा जॅब सर्वांत सौम्य. तो अंतर जोखण्यासाठी व प्रतिस्पर्ध्यास थोपविण्यासाठी. अपरकट गुडघ्यांच्या उठावातून वर येतो. हूक कमानीतून फिरतो, आणि सन २००५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मापनात त्याचे बल सरासरी सुमारे ४,४०० न्यूटन भरले. तो मस्तकास गरकन फिरवितो आणि मेंदूस या फिरण्यानेच विशेष इजा होते, हे पालकांपासून लपविणे बरोबर होणार नाही. मुष्टियुद्ध निर्धोक नाही. म्हणूनच ते अंधारात, ऐकीव सल्ल्यावर न शिकता जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली शिकावे.

येथे एक सामाजिक प्रश्न उभा राहतो. खिदिरपुरात मंगनी असो, महाराष्ट्रात साखरपुडा असो, विवाह ठरला की मुलीचा सराव सुटावा अशी घरच्यांची अपेक्षा असते. साखरपुड्याच्या नावात साखर आहे, अंगठी नाही. अंगठी हा मागाहून आलेला पाहुणा होय. आणि हिरा म्हणजे चिरस्थायित्व ही समजूत तर १९४७ साली एका हिरेकंपनीच्या जाहिरातीसाठी लिहिलेल्या घोषणेने जगभर रुजविली. हिरा घ्यावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, सुंदर वस्तूची आवड असणे गैर नाही. आक्षेप एवढाच की त्या अंगठीच्या निमित्ताने मुलीच्या पायात व कमरेत वर्षानुवर्षे साठविलेले कौशल्य घरात कोंडले जाते, आणि वर तीच अंगठी तिला शस्त्र म्हणून सुचविली जाते. विवाहाच्या बोलण्यांत देण्याघेण्याच्या जोडीला 'सराव चालू राहील' हेही कलम मुलीकडच्यांनी घालावे, असे सुचवावेसे वाटते. मुलाकडच्यांना ते जड वाटण्याचे कारण नाही. त्याला तोळाभरही सोने लागत नाही.

कोणास आकड्यांवर विश्वास ठेवावयाचा नसेल त्याने शाळेच्या प्रयोगशाळेत पडताळा पाहावा. तीस किलोग्रॅमची वाळूची पिशवी अशी टांगावी की आधारबिंदूपासून तिच्या मध्यापर्यंत दीड मीटर अंतर पडेल. बाजूच्या भिंतीवर खडूने सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. ठोसा लागून पिशवी १५ सेंटिमीटर मागे गेली, तर तिला मिळालेला वेग सेकंदाला सुमारे ०.३८ मीटर होतो आणि संवेग साडेअकरा किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद भरतो. मुलीने हातमोजा घालून प्रथम पाय न हलविता, केवळ हाताने मारावे. मग मागच्या पायाची टाच फिरवून कमरेसह मारावे. आणि शेवटी मोज्यात अंगठीच्या वजनाइतके चार ग्रॅमचे शिसे ठेवून मारावे. प्रत्येक प्रकाराचे दहा ठोसे घेऊन सरासरी काढावी, आणि ती मुलीने आपल्या हाताने वहीत लिहावी.