घोड्यावर बसायची परवानगी

परवा जुने फोटो आवरायला बसले. आवरणं नेहमीप्रमाणे राहिलं बाजूला, मी नुसती बघतच बसले. त्यात २०१९च्या उन्हाळ्यातला एक फोटो सापडला. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवरचं मेरी-गो-राउंड आणि घोड्याच्या दांड्याला दोन्ही हातांनी गच्च धरून बसलेली आमची लेक. तेव्हा ती सहा वर्षांची होती.

नॅशनल मॉल म्हणजे दुकानांचा मॉल नव्हे हं (हे खास आईसाठी!). राजधानीच्या मधोमध पसरलेलं ते लांबलचक हिरवं मैदान आहे. दोन्ही बाजूंना म्युझियमं, एका टोकाला संसदेचा घुमट आणि दुसऱ्या टोकाला लिंकनचं स्मारक. म्युझियमं बघून लेक कंटाळली होती, म्हणून तिला या लाकडी जत्रेत आणलं. आपल्याकडच्या जत्रेत असतात तसेच खालीवर होणारे घोडे आणि त्यांच्यात एक ड्रॅगन. ड्रॅगनवर आधीच कुणीतरी बसलं होतं, त्यामुळे थोडं रुसून झालं, मग घोडा मिळाला.

या मेरी-गो-राउंडची गोष्ट मी आधी वाचली होती. ते १९४७ साली बनलं, पण बनलं ते इथल्यासाठी नव्हे. बाल्टिमोरजवळ ग्विन ओक नावाचं एक करमणुकीचं पार्क होतं, तिथे ते फिरायचं. त्या पार्कात काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. १९५५पासून तिथे निदर्शनं सुरू झाली आणि वर्षानुवर्षं चालली. १९६३च्या जुलैमध्ये तर जवळजवळ चारशे जणांना अटक झाली. त्यात पाद्री होते, ज्यू धर्मगुरू होते, काळे होते, गोरेही होते. शेवटी मालक नमले आणि २८ ऑगस्ट १९६३ला फाटक सगळ्यांसाठी उघडलं. त्या दिवशी या घोड्यांवर बसलेलं पहिलं काळं मूल म्हणजे शॅरन लँगली. वय अकरा महिने! तिला धरायला वडील शेजारी उभे होते.

आणि नेमक्या त्याच दिवशी, याच मैदानाच्या लिंकन स्मारकाच्या टोकाला, मार्टिन ल्यूथर किंग यांनी ते प्रसिद्ध स्वप्नाचं भाषण केलं. १९७२च्या चक्रीवादळानंतर ग्विन ओक बंद पडलं आणि १९८१ साली मेरी-गो-राउंड इथे आलं. म्हणजे त्या दिवसाच्या दोन गोष्टी एकाच मैदानात येऊन राहिल्या.

हे सगळं मी उतरल्यावर लेकीला सोपं करून सांगितलं. तिने विचारलं, "पण का नाही बसू द्यायचे?"

मी अडखळले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं होतं, त्यात अशाच एका पार्कचा उल्लेख आहे. टीव्हीवर जाहिरात बघून सहा वर्षांची मुलगी तिथे जायचा हट्ट करते, आणि तुला तिथे येऊ देत नाहीत हे सांगताना बापाची जीभ अडखळते. मला निदान तसलं काही सांगायचं नव्हतं. माझी मुलगी तर आत्ताच घोड्यावरून उतरली होती.

तरी मी काहीतरी थातुरमातुर बोलले. "पूर्वी इथले लोक वाईट वागायचे" वगैरे. आणि आईस्क्रीम घेतलं.

ते "इथले" मला आजही टोचतं. दुसऱ्यांच्या पार्कची गोष्ट सांगणं सोपं असतं. कोकणात आजीच्या घरी परसदारच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप होता. झाडलोट करायला येणाऱ्या बाईंसाठी. आजी वरून चहा ओतायची. त्या कप स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायच्या. आजी प्रेमळ होती, त्यांच्या मुलांना जुने कपडे द्यायची. हे दोन्ही खरं आहे. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं, तरी पाण्याला हात लावायला १९२७ साली बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन जावं लागलं. आणि त्यानंतर गावाने तळं "शुद्ध" करून घेतलं! हे शाळेत शिकताना मला एकदाही तो कप आठवला नव्हता.

काहीजण म्हणतात, मुलांना कशाला सांगायचं, घोडे फिरू द्यावेत की. मला नाही पटत. सांगितल्यामुळे लेकीची मजा कमी झाली नाही, ती दुसऱ्यांदा बसलीच. पण सांगायचं तर आपल्या घरापासून सांगावं. नाहीतर मुलांना वाटतं, असलं सगळं दूर कुठेतरी, दुसरेच कुणीतरी करत होते.

ते मेरी-गो-राउंड २०२३ साली दुरुस्तीसाठी उतरवलं. फोटो बघून लेकीने पुन्हा त्या मुलीबद्दल विचारलं. या वेळी मी तिला कपाबद्दल सांगितलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, "पणजीला कुणी विचारलं नाही का?"

नाही विचारलं. मीही नाही. त्या बाईंचं नावसुद्धा मला आठवत नाही. मावशी, मामा, तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल तर सांगा. रागावलात तरी चालेल.